अपठित उतारा

पन्नाशीतल्या अधिकाऱ्याला पुन्हा विद्यार्थी केलं की तो आधी मागचा बाक शोधतो. धनंजय वैराळे वर्गात आले तेव्हा मागचे सगळे बाक भरून गेले होते, त्यामुळे साहेबांना नाइलाजाने पहिल्या बाकावर, शिकवणाऱ्या बाईंच्या अगदी पुढ्यात बसावं लागलं. ज्योत्स्ना कुलथे यांना मनातल्या मनात हसू आलं. तीन वर्षं त्या या माणसाची वाट बघत होत्या आणि तो आपल्या पायांनी चालत येऊन हाताच्या अंतरावर बसला होता.

"मी कुलथे," त्या म्हणाल्या आणि आडनाव पुन्हा एकदा सावकाश उच्चारलं. "कुलथे. महाविद्यालयात मराठी शिकवायचे. पुढचे तीन महिने तुम्हाला एकच गोष्ट शिकवणार आहे. कुठलाही मजकूर वाचून त्याची मध्यवर्ती कल्पना कशी ओळखायची."

मागून कुणीतरी हसलं. राज्याच्या वेगवेगळ्या मंडळांचे हे बडे अधिकारी, फायली उपसण्यात केस पिकलेले, आणि त्यांना दहावीच्या पोरांचा प्रश्न! वैराळे मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात बाईंचं नाव लिहून घेतलं आणि नव्या विद्यार्थ्याच्या भाबडेपणाने वर पाहिलं.

कुलथे हे काही पाटील-जाधवांसारखं पावलोपावली भेटणारं आडनाव नव्हे. पण त्या चेहऱ्यावर ओळखीची रेषसुद्धा उमटली नाही. ज्या नऊ माणसांच्या मरणाखाली या गृहस्थाची सही होती, त्यांतल्या एका मुलीचं नाव ईश्वरी कुलथे होतं. अपघाताच्या चौकशी आयोगाच्या प्रत्येक सुनावणीला तिची आई समोरच्या बाकड्यावर येऊन बसत होती. वैराळ्यांनी त्या बाकड्याकडे कधी पाहिलंच नव्हतं, असं दिसत होतं. म्हणजे नावं वाचायचीही तसदी घेतली नाही, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी खडू इतका जोरात दाबला की तो मोडला.

कुंभारकड्याचा रोपवे श्रावणातल्या शुक्रवारी भर दुपारी तुटला होता. वर देवीचं ठाणं, खाली पार्किंगमध्ये गाड्यांची रांग, आणि मधे दरीवर लोंबकळणारा पाळणा. ईश्वरी मैत्रिणींबरोबर गेली होती. महिनाभर आधी दिगंबर मोटे नावाच्या कनिष्ठ अभियंत्याने दोराची तपासणी करून अहवाल दिला होता. तो अहवाल रोपवे चालवणाऱ्या गिरिमार्ग मंडळात वैराळ्यांच्या टेबलावर आला, त्यावर "मान्य" अशी सही झाली आणि पाळणे चालू राहिले.

आता या मंडळातली लिहायची रीत सांगायला हवी. वरिष्ठांना न आवडणारी गोष्ट पहिल्या परिच्छेदात लिहायची नाही, ते उद्धटपणाचं दिसतं. शेवटच्या परिच्छेदात लिहायची नाही, ती अडवणूक वाटते. ती मधोमध, टिपणीच्या पोटात, "तथापि"च्या मागे घालून ठेवायची. मोट्यांनी तेच केलं. सुरुवातीला रोपवेचा इतिहास, मग मनोऱ्यांची उंची, रंगकामाचं कौतुक, आणि मग ते वाक्य: "तथापि, तिसऱ्या मनोऱ्यालगत मुख्य दोराच्या काही तारा तुटलेल्या आढळल्या असून, दोर बदलेपर्यंत प्रवासी वाहतूक चालू ठेवणे उचित होणार नाही, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते." त्यानंतर पुन्हा तिकीटघराची दुरुस्ती, प्रसाधनगृहं, आणि शेवटी नेहमीचं पालुपद: "एकंदरीत स्थिती समाधानकारक असून, उपरोक्त बाबींच्या अधीन राहून प्रस्ताव मान्यतेस्तव सादर."

"मी तो अहवाल अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचला," वैराळ्यांनी आयोगापुढे शपथेवर सांगितलं होतं. "पण मुख्य मुद्दा काय आहे, हेच त्यातून स्पष्ट होत नव्हतं."

आयोगाला ते पटलं. निकालात लिहिलं गेलं की अहवालाची मध्यवर्ती कल्पना सर्वसाधारण वाचकाच्या सहज लक्षात यावी अशा रीतीने मांडलेली नव्हती. मोटे निलंबित झाले. वैराळ्यांना वर्षभरात बढती मिळाली.

मध्यवर्ती कल्पना! उभं आयुष्य जो शब्द फळ्यावर लिहिला, तोच शब्द लेकीच्या चितेवर आणून ठेवलेला पाहून ज्योत्स्नाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवालाच्या प्रती काढून बारावीच्या वर्गात अपठित उतारा म्हणून वाटल्या. घंटा व्हायच्या आत सगळ्या वर्गाने ते वाक्य शोधलं, फक्त हजेरीपुरत्या येणाऱ्या पोरांनीसुद्धा. एका मुलीने तर विचारलं, "मॅडम, मग त्यांनी बंद केला ना रोपवे?" बाईंनी पेपर गोळा केले. त्या उत्तरपत्रिका घेऊन आयोगाच्या सचिवांकडे गेल्या तर ते म्हणाले, "बाई, ही काही शाळा नव्हे."

तेव्हापासून बाईंनी डूख धरला. त्यांची खात्री होती की वैराळ्यांना सगळं समजलं होतं. वाचलं, समजलं, आणि श्रावणातली गर्दी हातची जाऊ नये म्हणून मूग गिळून सही केली. सत्तर टक्क्यांनी बारावी होणाऱ्या पोराला जे कळतं ते एवढ्या शिकलेल्या माणसाला कळत नाही? शक्यच नाही. फक्त ते सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न होता. माणसाच्या डोक्यात काय शिरलं होतं, ते मागाहून कोण दाखवणार?

दाखवणारी निघाली ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. फरीदा मुल्ला सांगलीची, अकरावीत असताना कवितेच्या तासाला हमखास वाद घालणारी, आणि आता मेंदूविज्ञानातली मोठी संशोधक. तिने जे शोधून काढलं ते सांगायला सोपं आहे. आपण वाचतो तेव्हा मेंदू एकेक वाक्य सुटं धरून ठेवतो आणि सारखा विचारत राहतो, हे कशासाठी? ज्या क्षणी उत्तर सापडतं, त्या क्षणी आधीची सगळी सुटी वाक्यं त्या एका गोष्टीभोवती जाऊन बसतात. मेंदूचे लांबलांबचे भाग अर्ध्या सेकंदापुरते एका तालात चालतात. फरीदाने त्याला आकलनाचा ठोका म्हटलं. कपाळाला बांधायच्या साध्या कापडी पट्ट्यात तिने संवेदक बसवले आणि तो ठोका पडद्यावर उमटवून दाखवला. ठोका पडला म्हणजे समजलं. नाही पडला तर मान कितीही डोलवा, समजलेलं नाही.

सरकारने हा पट्टा उचलून धरला. सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आकलनाची परीक्षा द्यायची, असा कायदा आला. मग बँकांनी कर्जाच्या कागदांना पट्टा लावला, दवाखान्यांनी शस्त्रक्रियेच्या संमतीला. भाड्याने घर घेणारे लोक करारनामा खरोखर समजून घेऊ लागले, तेव्हा घरमालकांनी ओरड केली की हे तंत्रज्ञान समाजाला घातक आहे. "मला समजलंच नव्हतं" या वाक्यावर ज्यांचा संसार चालला होता, त्या सगळ्यांची पंचाईत झाली.

पण बाईंचं लक्ष होतं फरीदाच्या दुसऱ्या शोधावर. एकदा स्वतः वाचून समजलेला, नुसता ऐकलेला नव्हे, मजकूर पुन्हा वाचला तर ठोका त्या वाक्यावर पडत नाही, त्याच्या आधीच पडतो. शब्द विसरतात, अर्थ विसरत नाही. फरीदाने साठीच्या लोकांना चौथीतले धडे वाचायला दिले होते. आम्हाला यातलं अक्षर आठवत नाही, असं ते शपथेवर सांगत होते, आणि त्यांचे मेंदू दोन-दोन वाक्यं आधीच ठोका देऊन मोकळे होत होते. जितक्यांदा वाचाल तितका तो आधी सरकतो.

हे ऐकलं त्याच दिवशी ज्योत्स्नाबाईंनी महाविद्यालयाचा राजीनामा दिला आणि अधिकाऱ्यांना त्या परीक्षेसाठी शिकवायचं काम मागून घेतलं. आज ना उद्या वैराळे येणारच होते.

वर्ग सुरू झाले. तासाला प्रत्येकाच्या कपाळाला पट्टा असायचा. पहिल्या आठवड्यात बाईंनी एक जुन्या काळातलं पत्र दिलं. खेड्यातल्या बापाने शहरात शिकणाऱ्या मुलाला लिहिलेलं. आम्ही सर्व खुशाल, यंदा आंबा बरा आला, शेजारच्या बाळ्याचं लग्न ठरलं, तुझ्या आईला हल्ली माडीच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हैस व्यायली, अभ्यास कर.

"सांगा, मध्यवर्ती कल्पना?"

"सर्व खुशाल आहेत," मागून एक जण म्हणाला.

"अभ्यास कर," वैराळे म्हणाले.

"का?"

"शेवटी तेच म्हटलंय ना मॅडम."

"तुम्ही सगळे पत्र वाचत नाही, फाईल वाचता," बाई म्हणाल्या. "पहिला परिच्छेद बघायचा, शेवटचा बघायचा आणि सही कुठे करायची ते शोधायचं. आता एकेक वाक्य हाताने झाका. कुठलं झाकलं तर बाकीच्या पत्राला काही अर्थ उरत नाही?"

वैराळ्यांनी तळहाताने आंबा झाकला, म्हैस झाकली, लग्न झाकलं. मग पायऱ्यांवर हात ठेवून ते तसेच बसून राहिले. पडद्यावर त्यांचा ठोका उमटला, वर्गातला पहिला.

"बाप म्हणतोय, घरी ये," ते हळू आवाजात म्हणाले. "लिहिलेलं नाही कुठेच. पण सगळं त्याच्यासाठीच लिहिलंय."

मधल्या सुट्टीत ते आवारातल्या झाडाखाली आईला फोन लावून बोलताना दिसले. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. ज्याचा सूड घ्यायचा त्याला आई असणं, त्याने तिला गुडघ्याला तेल लाव म्हणून सांगणं, हे सगळं त्यांना अडचणीचं वाटायला लागलं. त्यात हा माणूस शिकण्यात हुशार निघाला. महिनाभरात तो वर्गात सगळ्यांच्या पुढे गेला. तास संपल्यावर थांबायचा, शंका विचारायचा. "आमच्या वेळी कुणी असं शिकवलं असतं तर, मॅडम," असं एकदा मनापासून म्हणाला. बाईंनी डस्टर जागेवर ठेवलं आणि त्या निघून गेल्या. घरी जाऊन त्यांनी ईश्वरीचा फोटो पुसला आणि स्वतःलाच बजावलं, या गोडव्याला भुलायचं नाही. हा माणूस खुनी आहे आणि मी त्याला पुराव्यानिशी खुनी ठरवणार आहे.

शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाला वेगळा अपठित उतारा मिळायचा. वैराळ्यांसाठी कुठला निवडलाय, हे बाईंनी आदल्या दिवशी फरीदाला सांगितलं. फरीदाच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"मॅडम, पट्टा परीक्षेसाठी आहे. चौकशीसाठी नाही. माणसाला न सांगता त्याची जुनी आठवण तपासणं हा गुन्हा आहे. माझी प्रयोगशाळा बंद पडेल."

"नऊ माणसं मेली, तेव्हा कुणाचं काय बंद पडलं?"

"त्याला विचारून करा."

"विचारलं तर तो हो म्हणेल?"

फरीदाने हातातला पट्टा गुंडाळून ठेवला. ती ईश्वरीला लहानपणापासून ओळखत होती, तिला कडेवर घेऊन हिंडली होती. "मी उद्या यंत्राशेजारी असेन," ती अखेर म्हणाली. "पण मला हे पटलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

परीक्षेच्या दिवशी वैराळे पट्टा बांधून बसले. बाईंनी अहवालातलं गावाचं नाव आणि तारखा तेवढ्या बदलल्या होत्या. शेजारच्या खोलीत त्या पडद्यापुढे उभ्या राहिल्या. काचेतून त्यांना वैराळ्यांचा चेहरा दिसत होता. आता ठोका "तथापि"च्या कितीतरी आधी पडेल, पहिल्याच पानावर पडेल, आणि मग बघते याला कोण वाचवतं ते!

इतिहास संपला. रेघ सपाट. मनोरे, रंगकाम, रेघ सपाटच. आणि मग बरोबर त्या वाक्यावर, "तारा तुटलेल्या आढळल्या असून" या शब्दांवर, ठोका पडला. मोठा, स्वच्छ, कोरा करकरीत. नव्याने समजल्याचा. काचेपलीकडे वैराळ्यांचा हात कागदावर थांबला आणि तोंड पांढरं पडलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "यंत्र बिघडलंय."

"यंत्र ठीक आहे मॅडम. थांबा, शेवट बघा." फरीदाने बोट दाखवलं. वैराळे शेवटच्या परिच्छेदाकडे वळत होते आणि त्याचं पहिलं अक्षर वाचायच्या आतच एक छोटा ठोका उमटून गेला. "हा एवढा भाग त्यांच्या ओळखीचा आहे. बाकी काही नाही. मॅडम, त्यांनी लपवलं नव्हतं. त्यांनी हा अहवाल वाचलेलाच नव्हता. तेव्हा नाही, सुनावणीच्या वेळीही नाही. फक्त शेवट पाहिला आणि सही केली."

बाई खुर्चीवर बसल्या. तीन वर्षं त्यांनी मनात एक राक्षस पोसला होता, सगळं जाणून मान हलवणारा. तो राक्षस नव्हताच. एक कंटाळलेला माणूस होता, त्याने पानं उलटली होती आणि चहा प्यायला गेला होता. आपली पोर कुणाच्या दुष्टपणामुळे मेली असती तर निदान तिच्या मरणाला कुणीतरी काहीतरी किंमत तरी दिली असती, असा विचार त्यांच्या मनात आला आणि मग जो राग आला तो आधीच्या सगळ्या रागाहून वाईट होता.

त्या वर्गात गेल्या. बाकीचे अधिकारी निघून गेले होते. वैराळे तिथेच बसले होते, पट्टा अजून कपाळाला.

"हा कुंभारकड्याचा अहवाल आहे," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही हा का दिलात?"

बाई त्यांच्या बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. वैराळ्यांची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून वहीच्या पहिल्या पानावर गेली, तिथे लिहिलेल्या नावावर, आणि तिथेच थांबली.

"आयोगापुढे यादी वाचली होती, तिच्यात ईश्वरी कुलथे होती," ते म्हणाले. "तुमची कोण?"

"आत्ता वाचलंत नाव?"

वैराळ्यांनी पट्टा काढला.

"आयोगापुढे जा," बाई म्हणाल्या. "अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचला म्हणालात. जाऊन सांगा की वाचलाच नव्हता. तो मोटे तीन वर्षं घरी बसलाय, अस्पष्ट लिहिलं म्हणून. तुम्ही नाही सांगितलंत तर हा आलेख मी वर्तमानपत्रांना देईन."

"मला न विचारता घेतलाय तो. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

वैराळे उठले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात पडली ती त्यांची कबुली नव्हे, वकिलाची नोटीस. साहेब शेवटी साहेबच, बाईंनी म्हटलं, आणि आलेख पाठवून दिला.

मग जो गोंधळ उडाला तो सगळ्यांनी पाहिला. वाहिन्यांवर महिनाभर वैराळ्यांच्या कपाळाचा पट्टा नाचत होता. आयोगाला फेरसुनावणी घ्यावी लागली. पण तिथे त्यांच्या वकिलाने एका तासात सगळा खेळ उलटवला. प्रत्येक सरकारी अहवालाचा शेवटचा परिच्छेद अगदी असाच असतो, तो म्हणाला. कुठल्याही अधिकाऱ्याचा मेंदू तो ओळखणारच. आयोगाच्या अध्यक्षांनी हसू दाबत मान डोलावली. संमतीविना घेतलेला आलेख बाद झाला. ज्योत्स्नाबाईंना कामावरून काढलं, फरीदाच्या प्रयोगशाळेला टाळं लागलं. फरीदा त्यांच्याशी भांडली नाही, पण तिने फोन करणंही थांबवलं. सूड घ्यायला गेलेली बाई हात चोळत घरी बसली, आणि मोटे होते तिथेच राहिले.

एक गोष्ट मात्र वकिलाला जमण्यासारखी नव्हती. शिकलेलं त्याला पुसता येत नव्हतं.

वैराळे कामावर परतले तेव्हा त्यांच्या टेबलावर रोजच्यासारखा गठ्ठा होता. त्यांनी सवयीने वरच्या फायलीचा शेवट काढला, पेन उघडलं, आणि हात आपोआप पोटातल्या पानाकडे गेला. एकेक वाक्य झाकून बघू लागला. कुठे "तथापि"च्या मागे गळणारी टाकी होती, कुठे भेगाळलेला पूल. संध्याकाळपर्यंत एक सही झाली नाही. आठवड्यात कार्यालय तुंबलं. हाताखालचे लोक वैतागले, वरचे चिडले. "वैराळे, तुम्हाला काय झालंय?" असं त्यांना वरच्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं. सांगण्यासारखं एकच होतं आणि ते इथे सांगता येत नव्हतं. घरी मुलीने अभ्यासाचं पुस्तक पुढे केलं तरी मधल्याच एखाद्या ओळीशी त्यांचं बोट अडायचं आणि तुटलेल्या तारा आठवायच्या. एकदा समजलेली गोष्ट परत देता येत नाही.

दिवाळी झाल्यावर ते स्वतःहून आयोगाकडे गेले. वकिलाला न सांगता. "मला पट्टा बांधा आणि विचारा," ते म्हणाले. "मी तो अहवाल वाचला नव्हता. शेवट पाहून सही केली. मोट्यांनी जे लिहायचं ते लिहिलं होतं." मोटे कामावर रुजू झाले. वैराळे बडतर्फ झाले आणि त्यांच्यावर खटला उभा राहिला. ज्योत्स्नाबाईंनी ही बातमी सकाळच्या चहाबरोबर वाचली, मध्यापासून वाचली, आणि आपल्याला हवा होता तेवढा आनंद झाला नाही म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

त्याच आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. वैराळे उभे होते. अंगावरचा शर्ट घरीच धुतलेला, चुरगळलेला.

"मोट्यांना घेतलं कामावर," ते म्हणाले.

"वाचलं मी."

"मी सांगितलं सगळं. खरं ते. आता जी शिक्षा होईल ती..." ते अडखळले. "मॅडम, तुम्ही मला माफ कराल का?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न विचारायला ते येणार, हे त्यांना वाटलं होतं. माफ करणं सोपं होतं. हा माणूस आता कुणाचाच साहेब नव्हता, दारात उभा होता, आणि त्याला घरात घेऊन चहा पाजला असता तर शेजारणींनीही कौतुक केलं असतं. पण बाईंना माफ करायचं नव्हतं. मनात शोधूनही तसं काही सापडलं नाही.

"बसा," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दोन कागद घेऊन आल्या. "आयोगाने सगळ्या नऊ घरांकडून निवेदन मागवलं होतं. हे माझं. तुम्हालाही त्याच्या प्रती दिल्या होत्या. वाचलं होतंत?"

पूर्वीचे वैराळे हो म्हणाले असते. "नाही," ते म्हणाले.

"वाचा."

ते वाचू लागले. बाई समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना पट्टा लागत नव्हता. ठोका पडतो तेव्हा वाचणाऱ्याचे डोळे ओळीवर थांबतात आणि कपाळ क्षणभर सैल पडतं, हे फरीदाचा पट्टा यायच्या कितीतरी आधीपासून त्या वर्गावर्गातून बघत आल्या होत्या. निवेदनाच्या सुरुवातीला ईश्वरीचं शिक्षण होतं, नोकरी होती, त्या दिवशी घरात झालेली पोळ्यांवरची कुरबुर होती. मधे एक वाक्य होतं: "ओळख पटवायला मला नेलं तेव्हा चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं, मी तिला ओढणीच्या कोपऱ्यावरून ओळखलं, कारण तो फाटला होता आणि आदल्या संध्याकाळी मीच तिथे टाका घातला होता." मग पुढे नुकसानभरपाईची कलमं आणि सही.

वैराळ्यांचे डोळे मध्यावर थांबले. कपाळ सैल पडलं. मग तोंड वेडंवाकडं झालं आणि ते हुंदके देऊन रडू लागले.

ज्योत्स्नाबाईंना बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर गेल्या साडेतीन वर्षांत इतकं बरं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. त्यांनी वैराळ्यांना रडू दिलं, पाणी दिलं नाही.

"समजलं," वैराळे डोळे पुसत म्हणाले. "मॅडम, याची मध्यवर्ती कल्पना..."

"सांगू नका. मला माहीत आहे. पुन्हा वाचा."

"आत्ता?"

"आत्ता. आणि उद्या या, पुन्हा वाचा. परवा या."

"किती वेळा?"

"दुसऱ्यांदा वाचलं की ठोका थोडा आधी पडतो. तिसऱ्यांदा आणखी आधी. तुम्हाला शिकवलंय ते. असं वाचत गेलात की एक दिवस पान उलटायच्या आधी पडेल. मग कागद हातात घ्यायच्या आधी. मग सकाळी डोळे उघडल्या उघडल्या पडेल, दात घासताना पडेल, कुणी ओढणी घेतलेली रस्त्यात दिसली की पडेल."

"आणि मग?"

"मग यायची गरज नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "मग तुम्हाला माझ्याइतकं समजलेलं असेल."

वैराळ्यांनी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, कागद मांडीवर सरळ केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.